अंड्याऐवजी शेंगदाणे: गरिबांच्या ताटाबद्दल व्हीगन माणसाने बोलावे का?

घोडबंदरवासी (प्रश्न)

नमस्कार. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण नीट मांडला नाही तर चर्चा भरकटेल, म्हणून सविस्तर लिहितो.

मी ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर राहतो, ऐरोलीत नोकरी करतो आणि काही वर्षांपासून व्हीगन आहे. म्हणजे मांस, मासे आणि अंडी तर खात नाहीच, पण दूध, दही, तूप आणि मधही घेत नाही. यामागे धर्म नाही आणि तब्येतीची तक्रारही नाही. दुधासाठी म्हशीला पुन्हा पुन्हा गाभण ठेवायचे, रेडकू नर निघाले तर त्याला उपाशी मरू द्यायचे आणि म्हैस आटली की तिची रवानगी करायची, हा व्यवहार मला पटत नाही, आणि जे पटत नाही त्यावर आपला पैसा खर्च करू नये, इतकाच माझा विचार आहे.

आमच्या परिसरातील काही जण मिळून बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी रविवारी अभ्यासवर्ग चालवतो. वर्ग सुटताना प्रत्येक मुलाला एक उकडलेले अंडे आणि एक केळे दिले जाते. मागच्या बैठकीत मी असे सुचवले, की अंड्याऐवजी उकडलेले शेंगदाणे, चण्याची उसळ किंवा चिक्की द्यावी, म्हणजे माझ्यासारख्यालाही मन न दुखवता वर्गणी देता येईल. त्यावर दोन आक्षेप आले. पहिला असा, की ज्याच्या ताटात काय पडेल हे दुसरेच कोणी ठरवते, त्याच्यावर आपल्या भरल्या पोटाची तत्त्वे लादू नयेत. व्हीगन असणे ही बदामाचे दूध परवडणाऱ्यांची चैन आहे. दुसरा आक्षेप एका जुन्या डाव्या मित्राने घेतला. तो म्हणाला, ‘भांडवलशाहीत निष्कलंक खरेदी नावाची गोष्टच नसते. तुझ्या बुटात चामडे नसेल, पण तो शिवणाऱ्या बाईच्या हाती काय पडले हे तुला ठाऊक आहे का? तू दूध सोडलेस काय आणि प्यायलास काय, डेअरीला काडीचाही फरक पडत नाही.’

गंमत अशी, की पहिला आक्षेप माझ्या निवडीला फार मोठी समजतो आणि दुसरा तिला शून्य समजतो, तरी दोघे एकाच बाजूने मत देऊन मोकळे झाले.

मला विचारायचे आहे ते असे. एकट्या माणसाने खरेदी करताना केलेल्या निवडीला काही नैतिक वजन असते का, की ती केवळ स्वतःच्या समाधानाची बाब आहे? आणि वजन असेल, तर ज्याच्यापुढे निवडच नाही अशा माणसासमोर ती बोलून दाखवण्याचा अधिकार मला आहे का? ‘ज्याचे त्याने पाहावे’ एवढेच उत्तर असेल तर कृपया लिहू नये; ते बैठकीतही मिळाले आहे.

---

सेविका

घोडबंदरवासी दादा, मी शहापूर तालुक्यात अंगणवाड्यांची मुख्य सेविका म्हणून काम केले आणि आता कळव्याला राहते. तत्त्वाच्या प्रश्नाला हात घालण्याआधी अंड्याचा हिशेब मांडते, कारण असल्या वादात तो कोणी मांडतच नाही.

एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिने असतात. तेवढीच प्रथिने पंचवीस ग्रॅम शेंगदाण्यांतून किंवा जेमतेम बारा ग्रॅम सोयावडीतून मिळतात, आणि दोन्ही गोष्टी अंड्यापेक्षा स्वस्त पडतात. म्हणजे खर्चाच्या बाजूने पाहिले तर आपली सूचना मुळीच चैनीची नाही. तरीही मी अंड्याच्या बाजूने मत दिले असते, आणि त्याची कारणे पुस्तकी नाहीत.

पहिले कारण ब जीवनसत्त्वाच्या बाराव्या प्रकाराचे, ज्याला सगळे बी-ट्वेल्व्ह म्हणतात. ते धान्यात, डाळीत आणि भाजीत नसते. अंडी, दूध, मासे आणि मांस यांतून ते मिळते. आपण त्याची गोळी घेत असाल; मजुराच्या मुलाला ती कोण देणार? रेशनच्या तांदळात अलीकडच्या वर्षांत लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-ट्वेल्व्ह मिसळलेले दाणे आले हे खरे, पण ते दाणे थोडे वेगळे दिसतात, आणि ‘यात प्लॅस्टिकचा तांदूळ आहे’ असे म्हणून सुपात घेऊन एकेक दाणा निवडून बाहेर टाकणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. समजावले की ऐकतात, पण समजावायला कोणी जात नाही.

दुसरे कारण पोटाच्या मापाचे. तीन वर्षांच्या मुलाचे पोट मुठीएवढे असते. त्याने वाटीभर उसळ संपवावी ही अपेक्षा कागदावर ठीक आहे.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. अंड्यात पाणी घालता येत नाही. आमटी पातळ करता येते, उसळीतले कडधान्य कमी करता येते, दुधाचे तर विचारूच नका. पण अंडे मुलाच्या हातात पडले की नाही हे दारातून पाहणाऱ्या आईलाही कळते. जिथे वाटणाऱ्यावर विश्वास ठेवण्यासारखी परिस्थिती नसते, तिथे कवच ही फार मोठी सोय आहे. आपल्या वर्गात वाटणारे आपणच आहात, त्यामुळे हे कारण आपल्याला लागू पडणार नाही, हेही मान्य करते.

आता आपली सूचना कोणत्या वातावरणात ऐकली जाते ते पाहा. राज्य सरकारने २०१५ मध्ये आदिवासी भागासाठी अमृत आहार योजना सुरू केली, तिच्यात लहान मुलांना अंडी किंवा केळी मिळू लागली. शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय नोव्हेंबर २०२३ मध्ये झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी बंद करण्यात आला. अंडी हवी असतील तर शाळांनी लोकसहभागातून पैसा उभा करावा, असे सांगण्यात आले. याच महाराष्ट्रात २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्के रक्तक्षयग्रस्त होती. मुलांच्या ताटातले अंडे व्हीगन लोकांनी काढलेले नाही. पण आपण जेव्हा ‘अंडे नको’ म्हणता, तेव्हा ऐकणाऱ्याला आपल्या आवाजात तो शासननिर्णयच ऐकू येतो. हा आपला दोष नाही, पण बोलण्यापूर्वी हे माहीत असावे.

---

खारीगावचा वाचक

मी कामगार संघटनेत काम करतो, त्यामुळे आपल्या डाव्या मित्राच्या आक्षेपाला उत्तर देणे मला भाग आहे.

‘भांडवलशाहीत निष्कलंक खरेदी नसते’ हे वाक्य मुळात दुकानात उभ्या असलेल्या माणसाच्या मानेवरचे जोखड उतरवण्यासाठी आहे. उत्पादन कसे व्हावे, मजुरी किती द्यावी आणि नफा कुठे जावा हे ज्यांनी ठरवले, त्यांच्याकडे बोट दाखवण्याऐवजी गिऱ्हाइकाला अपराधी करणे हा जुना डाव आहे. व्यक्तीने स्वतःचा ‘कार्बन फूटप्रिंट’, म्हणजे आपल्या वागण्यामुळे हवेत किती कार्बन वायू जातो तो, मोजावा ही कल्पना २००४-०५ च्या सुमारास लोकांच्या तोंडी रुळवली ती बीपी या तेल कंपनीच्या जाहिरातींनी. तेल उपसणाऱ्याने तेल जाळणाऱ्याला हिशेबाची वही दिली. म्हणून वाक्य बरोबर आहे. पण त्याचा उपयोग परवान्यासारखा होऊ लागला की ते खोटे पडते. सगळेच बरबटलेले आहे, म्हणजे सगळे सारखेच बरबटलेले आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. आपला मित्र संपाच्या दिवशी संप मोडणाऱ्या ठेकेदाराकडून काम करून घेईल का? नाही ना? मग निवडीला वजन असते हे तोही जाणतो. फक्त ज्या निवडीची त्याला स्वतःला तोशीस पडते तिथे ते वजन त्याला दिसत नाही.

दुसरी बाजूही तितकीच सांगायला हवी. प्राण्याचा अंश नाही म्हणून वस्तू निर्दोष ठरत नाही. साखर पूर्णपणे वनस्पतिजन्य आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची २०१९ मध्ये सरकारी समितीने पाहणी केली, तेव्हा ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांत किंवा आजारपणात खाडा झाला की मुकादमाला दंड भरावा लागतो, हे त्यामागचे एक मोठे कारण होते. आपण सुचवलेल्या चिक्कीतला गूळ वेगळ्या गुऱ्हाळातून येत असेल, पण त्याही उसाला कोणीतरी कोयता लावलेला असतो. दुधाच्या चीजऐवजी व्हीगन लोक खातात त्या काजूच्या ‘चीज’चे तेच. काजूच्या टरफलातील चिकाने बोटे पोळतात, आणि ते टरफल फोडायला बसते ती बाईच. मी हे आपल्याला गप्प करण्यासाठी सांगत नाही. ज्या कारणासाठी आपण दूध सोडले त्याच कारणाने ही दुखणीही आपल्या यादीत यायला हवीत, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता एकट्याने सोडण्याचा प्रश्न. इतिहासात ‘सोडण्या’मुळे काही घडले का? घडले, पण एकट्याने सोडल्यामुळे नव्हे. इंग्लंडमध्ये १७९१ च्या सुमारास लाखो लोकांनी गुलामांच्या मजुरीवर पिकलेली साखर चहात घालणे बंद केले. गुलामांचा व्यापार कायद्याने बंद व्हायला तरी १८०७ साल उजाडले आणि त्यात गुलामांच्या स्वतःच्या उठावांचा वाटा मोठा होता. साखर सोडणाऱ्यांनी व्यापार बुडवला नाही, पण ज्यांना सभेत बसायची आणि मत द्यायची मुभा नव्हती अशा बायकांनाही त्या निमित्ताने बाजू घेता आली. माझ्या मते वैयक्तिक निवडीचे खरे काम हेच असते: ती माणसाला एका बाजूला उभे करते. पुढचे काम संघटनेचे.

आपल्याकडचे उदाहरण अधिक जवळचे आहे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस खाणे सोडा असे सांगितले आणि लोकांनी ते सोडले. ते लोक आपल्या वस्तीतल्या मजुरांहूनही गरीब होते. म्हणजे ‘गरिबाला आहाराची निवड परवडत नाही’ हे विधान सरसकट खरे नाही. पण तिथे सांगणारा त्यांचा होता, ठराव त्यांच्या परिषदेत झाला, आणि मांस सोडण्याबरोबर गावची मेलेली जनावरे ओढण्याचे बिनमोलाचे कामही सोडायचे होते. आहारातला बदल हा कामाच्या नात्यातला बदल होता. बाहेरून येऊन ताटाकडे बोट दाखवणाऱ्याने तसे म्हटले असते तर तोच शब्द अपमान ठरला असता. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला यात दिसते.

जाता जाता एक गोष्ट. २६ जानेवारी २०२० ला राज्यात शिवभोजन थाळी सुरू झाली, दहा रुपयांत दोन चपात्या, एक भाजी, वरण आणि भात. चपातीला तूप लावलेले नसेल तर ती थाळी व्हीगनच आहे. सरकारने गरिबाला व्हीगन जेवण दिले आणि ते कोणाच्या लक्षातही आले नाही.

---

कोपरखैरणेकर

वर मुद्दे मोठे आले आहेत. मी फक्त दुधाबद्दल लिहितो. माझे वडील वाशीच्या बाजारात माथाडी होते. थोरला भाऊ खटाव तालुक्यात गावी असतो आणि त्याच्या गोठ्यात संकरित गाई आहेत.

घोडबंदरवासी साहेब, गावाकडे ‘दुधाचा पगार’ म्हणतात, तो दहा दिवसांनी येतो, आणि किराणा, मुलांची फी, औषध सगळे त्याच्यावर चालते. जुलै २०२३ मध्ये सरकारने ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या (म्हणजे स्निग्धांश सोडून उरलेल्या घन पदार्थांच्या) गाईच्या दुधाला लिटरमागे किमान ३४ रुपये जाहीर केले. काही महिन्यांत प्रत्यक्ष दर पंचवीस-सत्तावीसवर आला आणि जानेवारी २०२४ पासून पाच रुपये अनुदान द्यायची वेळ आली. फॅट जरा खाली गेले की पॉइंटमागे कपात. मुंबई-ठाण्याकडे पिशवीचा दर मात्र त्या काळात खाली आल्याचे मला आठवत नाही. मधल्या रकमेचा हिशेब आपल्या डाव्या मित्राला विचारावा, त्याला तो आवडेल.

आता गोऱ्ह्याचे सांगतो, कारण आपण नर रेडकाचा उल्लेख केला आहे. संकरित गाईचा गोऱ्हा औताला चालत नाही, कारण त्याला वशिंड नसते आणि उन्हाचा त्रास होतो. पूर्वी तो विकला जायचा. २०१५ मध्ये बैल आणि वळूच्या कत्तलीवरही राज्यात बंदी आली, तेव्हापासून त्याला गिऱ्हाईक नाही. भाकड गाईला तर त्याच्याही आधीपासून नव्हते. दिवसाला दोन-तीनशे रुपयांचा चारा आणि पेंड खाणारे जनावर, ज्याचा पैसा होत नाही, ते ज्याच्या दावणीला आहे त्याने काय करावे? कोणी रात्री दुसऱ्या गावाच्या शिवारात सोडून येतो. माझ्या भावाने एक गोऱ्हा असाच सांभाळला, आणि त्या वर्षी वहिनीचे दात बसवायचे राहिले. कालवडच जन्मेल अशी वीर्यमात्रा आता मिळते, तीही दर वेळी लागू पडत नाही.

क्रूरता आहे, हे मी नाकारत नाही. पण ती शेतकऱ्याच्या मनातून कमी आणि दरपत्रकातून जास्त येते. आपण दूध सोडल्याने माझ्या भावाचे काही बिघडलेले नाही. सगळ्या ठाणे शहराने उद्या सोडले तर मात्र पहिली झळ डेअरीच्या मालकाला लागणार नाही, खटावला लागेल. त्यामुळे जे दूध सोडा म्हणतात त्यांनी कोरडवाहू शेतकऱ्याने दूध सोडून करायचे काय, हेही त्याच वाक्यात सांगावे. आजवर मला तसे सांगणारा भेटलेला नाही.

---

रानजाई

मी नेरूळला राहते आणि व्हीगन आहे. वरचे सगळे प्रतिसाद मनापासून वाचले. माणसांबद्दल त्यांत फार चांगले लिहिले आहे. जनावराची बाजू मात्र मूळ प्रश्नातील दोन ओळींनंतर कोणी मांडली नाही, म्हणून मला लिहावे लागते आहे.

गरिबी हे क्रूरतेचे स्पष्टीकरण आहे. त्यामुळे क्रूरता सोसणाऱ्याचे दुखणे कमी होत नाही. तबेल्यात म्हैस आखूड दोरीला बांधलेली असते, आणि तिच्या वरच्या माळ्यावर जौनपूर किंवा आझमगढकडचा कामगार झोपतो. दोघांना तिथे आणणारा हिशेब एकच आहे. मग त्या दोघांना एकमेकांविरुद्ध साक्षीला का उभे करायचे? भारतातून जे मांस परदेशी जाते ते मुख्यतः म्हशीचे असते, आणि त्याचा पुरवठा दुधाच्या धंद्यातूनच होतो. ‘मी शाकाहारी आहे, फक्त दूध पितो’ म्हणणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही. कोपरखैरणेकर दादांचा प्रश्न रास्त आहे, पण बंदीपूर्वी तो गोऱ्हा जिथे जायचा तिथे त्याचे भले होत होते असे तर नाही ना?

‘चैन’ या शब्दाबद्दल. व्हीगन म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर डबाबंद बदामाचे दूध येते, कारण बाजाराने तेवढेच विकायला ठेवले आहे. पिशवीतल्या दुधाच्या तिप्पट-चौपट किमतीला ते मिळते, बदाम बहुतेक कॅलिफोर्नियातून येतो, आणि तिथल्या बागांच्या परागीभवनासाठी मधमाश्यांच्या पेट्या ट्रकमधून शेकडो मैल फिरवल्या जातात. हे मध न खाणाऱ्याने प्यावे, यातला विनोद मला कळतो. करही बराच काळ उलटा होता: ताज्या दुधाला जीएसटी नाही, सोयाच्या दुधाला १२ टक्के आणि इतर वनस्पतिजन्य दुधाला १८ टक्के, सप्टेंबर २०२५ मध्ये तो ५ टक्क्यांवर आला. पण यातले काहीही व्हीगन होण्यासाठी लागत नाही. नाचणीची भाकरी, कुळथाचे पिठले, काळ्या वाटाण्याची आमटी, सोलकढी, शेंगदाण्याची चटणी, अळूचे फदफदे यांतल्या कशात प्राण्याचा अंश आहे? दुधाच्या चहाचा प्रश्न उरतो, आणि माझ्या अनुभवात तोच सर्वांत अवघड असतो.

इंग्लंडमध्ये १९४४ साली डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी व्हीगन सोसायटी काढली. त्या संस्थेच्या व्याख्येतच पुढे ‘शक्य आणि व्यवहार्य असेल तितके’ अशी अट आली. ज्याला शक्य नाही त्याला ती व्याख्या दोषी धरत नाही. ज्याला शक्य आहे, आणि जो खटावच्या शेतकऱ्याची आणि शहापूरच्या मुलाची आठवण केवळ स्वतःच्या पनीर टिक्क्याच्या बचावासाठी काढतो, त्याच्याबद्दल मात्र ती बरेच काही सांगते.

---

दिवाळेकर

इथे सगळ्यांनी गरिबाला सूट दिली आहे. बिचारा गरीब आहे, म्हणून अंडे खातो, सुकट खातो, त्याला बोलू नका. आम्ही बेलापूरजवळच्या दिवाळे गावचे कोळी. आम्ही गरिबीमुळे मासे खात नाही, आमचे खाणेच ते आहे. उद्या माझा पगार दुप्पट झाला तर मी जवळ्याऐवजी पापलेट आणीन, सोया आणणार नाही. तेव्हा आमच्या ताटाला गरिबीच्या नावाखाली माफी देण्याची गरज नाही, आम्ही ती मागितलेली नाही.

खाडीबद्दलही लिहितो. कोळ्याच्या जाळ्याने ठाण्याची खाडी मेली नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांचे सांडपाणी, शहराचा मैला आणि भराव यांनी ती मेली. आता तिथे २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा असा दर्जा, आहे, चांगली गोष्ट आहे. पण एका माशाचा जीव मोजणाऱ्याने हजारो माशांना एका रात्रीत मारणाऱ्या नाल्याचा हिशेबही ठेवावा.

आणि एक गोष्ट घोडबंदरवासी यांनी समजून घ्यावी. आपल्या शहरांत ‘मांसाहारी असाल तर घर मिळणार नाही’ असे तोंडावर सांगितले जाते. मला स्वतःला सांगितले गेले आहे. आपण तसे नसाल. पण ‘अंडे नको’ हे वाक्य आम्ही दलालाच्या तोंडून आधी ऐकलेले असते.

---

घोडबंदरवासी

सर्वांचे आभार. दिवाळेकर दादा, आपला मुद्दा मी डोक्यात ठेवला आहे. मला सूट द्यायची नव्हती, पण ‘ज्याच्यापुढे निवडच नाही’ असे मी लिहिले त्यात ती आलीच.

रानजाई यांच्या मताशी मी सहमत आहे आणि तरी कोपरखैरणेकर यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. दोन्ही गोष्टी तशाच ठेवून पुढचे विचारतो. मी माझी वर्गणी फक्त शेंगदाण्यांसाठी आणि केळ्यांसाठी द्यावी आणि अंड्यांचा खर्च इतरांनी करावा, हे ढोंग होईल का? हिशेबाच्या वहीत पैसा शेवटी एकत्रच होतो. दुसरे, मुलांना काय द्यावे हे पालकांना विचारावे असे मला आता वाटते. पण विचारायचे कसे? आपण देणारे आहोत म्हटल्यावर ते ‘तुम्ही द्याल ते चालेल’ असेच म्हणतील.

---

खारीगावचा वाचक

ढोंग नाही. करातून सरकार जे जे करते ते सगळे आपल्याला कुठे मान्य असते? वर्गणी शेंगदाण्यांच्या नावाने द्या आणि अंड्याला विरोध मागे घ्या. त्यापुढची शुद्धता फक्त आपल्या वहीसाठी उरते.

---

सेविका

पालकांना सगळ्यांसमोर, उभ्या-उभ्या विचारू नका. बायांना वेगळे बसवा आणि ‘काय चालेल’ असे न विचारता ‘घरी पोरं काय टाकून देतात’ असे विचारा. त्याचे उत्तर खरे मिळते. आपल्या वस्तीत मराठवाड्याचे, बिहारचे, बंगालचे लोक असतील. त्यांत माळकरी घरे निघतील, जिथे अंडे चालत नाही आणि संकोचामुळे पोर ते खिशात घालून बाहेर टाकते. श्रावण पाळणारे निघतील. बंगालच्या घरात अंडे हवेच असेल. मग रविवारी दोन पातेली ठेवा, एकात अंडी आणि दुसऱ्यात उकडलेल्या शेंगा, आणि पोराने हवे ते किंवा दोन्ही उचलावे. चार वर्षांखालच्या मुलाला अख्खे दाणे देऊ नका, घशात अडकतात. त्याला दाण्याचा कूट केळ्यात कालवून द्या. शेंगदाणे खवट किंवा बुरशीचे नाहीत ना हे हाताने चोळून आणि वास घेऊन पाहा, पावसाळ्यात तर नक्कीच.

शेंगांचे सांगायचे तर कोपरखैरणेकर दादांच्या ओळखीने वाशीच्या दाणा बाजारातून गोणी मिळाली तर किरकोळीपेक्षा बरीच स्वस्त पडेल.

आपल्याला ताटाच्या पलीकडचेही काही करायचे असेल तर एक काम आहे. बांधकाम मजुराची कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करायची असेल, तर वर्षभरात किमान ९० दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र लागते. १९९६ च्या कायद्यापासून बांधकामाच्या खर्चावर त्यासाठी उपकर घेतला जातो. आपल्या इमारतीवरही तो घेतलेला असणार. मुलांच्या शिष्यवृत्तीपासून आईच्या बाळंतपणाच्या मदतीपर्यंतच्या योजना त्या नोंदणीवर मिळतात, पण ठेकेदार सही द्यायला टाळाटाळ करतो, आणि मजूर विचारायला घाबरतो. आपल्यासारख्या चार जणांनी कामाच्या जागेवर जाऊन विचारले तर तो इतक्या सहज टाळू शकत नाही. परराज्यातले शिधापत्रक इथल्या रेशन दुकानात चालते, हेही त्यांतल्या निम्म्यांना माहीत नसते; जाताना तेवढे सांगून या, आणि तांदळात ते वेगळे दाणे दिसले तर टाकू नका हेही सांगा.